तबकडी, सुई आणि एक्सेल शीट

आयटीवाल्या माणसाला घरात काहीही विकत घ्यायचं असलं, की तो आधी एक्सेल शीट उघडतो. फ्रीज असो, कारसीट असो, नाही तर गवत कापायचं यंत्र असो. आमच्या घरी या सवयीची यथेच्छ चेष्टा होते. पण रेकॉर्ड प्लेअर घेण्यासाठी मी जी शीट केली, तिला मात्र कुणी हसलं नाही. कारण तिच्या पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं : 'आत्याआजी वाजेल का?'

त्याचं असं झालं. पुण्यातली आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. चाळीस वर्षांचा संसार आवरून बाबांना दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत जायचं होतं. फोनवर ते सहज म्हणावं तसं म्हणाले, "रेकॉर्डी तू नेतोस, का जुन्या बाजारात देऊन टाकू?" ज्यांनी बँकेतल्या पगारातून महिन्याला एक अशा त्या जमवल्या, त्या माणसाचं हे वाक्य. मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

मोजल्या तर एकशे बारा भरल्या. चौसष्ट एलपी, तीस छोट्या ईपी आणि अठरा जुन्या ७८ च्या जाड तबकड्या. एलपींमध्ये वसंतराव, कुमार, किशोरीताई, भीमसेन, माणिक वर्मा. ईपींमध्ये सगळी भावगीतं. कव्हरसकट एका एलपीचं वजन पाव किलोच्या आसपास जातं. हिशेब केला आणि बॅग बरोबर तेवीस किलोंत बसवली. ७८ च्या तबकड्या पडल्या की काचेसारख्या फुटतात, म्हणून त्या टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत. लोणची, मेतकूट आणि भाजणी यांची रवानगी अर्थातच सौ.च्या बॅगेत झाली, त्याबद्दल मला हीथ्रोपर्यंत ऐकावं लागलं.

त्या अठरांतली एक तबकडी म्हणजे आमची आत्याआजी. बाबांची आत्या. लग्नाआधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीला, तिची एक रेकॉर्ड निघाली होती. 'यंग इंडिया' नावाची मुंबईची एक स्वदेशी कंपनी होती, १९३५ ते १९५५ अशी वीसेक वर्षं चाललेली. एचएमव्हीचा दबदबा असताना या कंपनीने फारशा नावाजलेल्या नसलेल्या पुष्कळ गायक-गायिकांना संधी दिली. त्यातली आमची एक. दोन बाजू, प्रत्येकी तीन-सव्वातीन मिनिटं. पुढे लग्न झालं आणि गाणं देवघरापुरतं उरलं. लेबलवर तिचं माहेरचं नाव आहे, मागे 'मिस' लावलेलं. ते नाव त्यानंतर घरातल्या एकाही कागदावर आलेलं नाही. दुसरी प्रत आमच्या माहितीत कुणाकडेही नाही, आणि बाबांचा प्लेअर बिघडल्यापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं, ती कुणी ऐकलेलीही नव्हती.

आता रेकॉर्ड प्लेअर घेणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. इथे हल्ली व्हायनलची पुन्हा चलती आहे. सुपरमार्केटातसुद्धा प्लेअर दिसतात. आमच्या कन्येने तर आधीच एक पसंत करून ठेवला होता : गुलाबी, सूटकेससारखा, आत स्पीकर असलेला, साठ पौंडांच्या आत. "बाबा, तो तिन्ही स्पीडला चालतो, बॉक्सवर लिहिलंय." खरोखरच लिहिलं होतं. ३३, ४५ आणि ७८. माझ्या शीटमधला पहिला रकाना तर तिथेच भरत होता!

पण गोम स्पीडमध्ये नसते, सुईत असते. ७८ च्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई त्या खाचेत टाकली, तर ती भिंतींना धड टेकतच नाही. तळाशी साचलेल्या कचऱ्यातून फरफटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकवते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर टाकली तर एलपी संपली. म्हणजे दोन वेगळ्या सुया हव्यात आणि त्या घरच्या घरी बदलता यायला हव्यात. शिवाय अशा स्वस्त सूटकेस प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक पिकअप असतो, तो तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतो. चांगल्या एलपी पिकअपला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. नव्या रेकॉर्डी वाजवायच्या, झिजल्या तर दुसऱ्या घ्यायच्या, असं असेल तर गुलाबी सूटकेसही ठीक. किशोरीताईंची पन्नास वर्षांपूर्वीची प्रत मी तिच्याखाली देणार नव्हतो.

मग एका शनिवारी हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानात गेलो. विक्रेता मुलगा गोड होता, उत्साही होता. त्याला म्हटलं, "७८ वाजवायच्या आहेत." तो म्हणाला, "सेव्हन्टी-एटचा अल्बम? कुठला बँड?" त्याचंही बरोबरच आहे. त्याच्या आजोबांनी त्या पाहिल्या असतील. इंग्लंड-अमेरिकेत १९६० च्या सुमारास ७८ संपल्याच. आपल्याकडे मात्र वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन पुढेही वाजत राहिले, म्हणून डमडमच्या कारखान्यात ७८ निघत राहिल्या. इतक्या, की बीटल्सचीसुद्धा काही गाणी १९६० च्या दशकात भारतात ७८ वर छापली गेली. इथले संग्राहक आता त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. ही माहिती त्या मुलाला दिली, तर त्याने आपल्या मॅनेजरलाही बोलावून आणलं. खरेदी काही झाली नाही, पण अर्धा तास छान गेला.

हे डमडमवरून आठवलं. मी रेडिंगहून एलिझाबेथ लाइनने लंडनला जातो. वाटेत हेज अँड हार्लिंग्टन लागतं. त्या स्टेशनाशेजारी जी नवी इमारतींची वसाहत आहे, तिचं नाव 'द ओल्ड व्हायनल फॅक्टरी'. एचएमव्हीचा मूळ कारखाना तो. १९०७ मध्ये तिथे पायाभरणी झाली. कलकत्त्यात १९०२ साली गौहर जान यांच्या रेकॉर्डी केल्या, त्या याच ग्रामोफोन कंपनीने. छापायला त्या जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत, मग १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये डमडमचा. गंमत म्हणजे जगभरच्या या तबकड्यांना लागणारी लाख जायची आपल्याकडच्याच जंगलांतून. रोज सकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्या जागेवरून जात होतो आणि एवढे दिवस मान वर करून पाहिलंही नव्हतं.

असो. शीटकडे वळू.

तीनशे पौंडांच्या आत प्लेअर बसवायचा, एवढीच सौ.ने घातलेली अट होती. या किमतीत इथल्या मासिकांची आवड ठरलेली आहे : बेल्ट ड्राइव्ह, बारीक, देखणा, कमीत कमी बटणं. ब्रिटिश हाय-फाय हा एक पंथच आहे. ग्लासगोच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकात सांगितलं की स्पीकर आणि अॅम्प्लिफायरपेक्षा आधी टर्नटेबल चांगला घ्या, तेव्हापासून तो पंथ चालू आहे. साउथएंडच्या रेगा कंपनीचा प्लेनर १ ऐकला. खरं सांगतो, आवाज सुरेख. स्वच्छ, मोकळा. भीमसेनांचा षड्ज असा काही लागला की तिथेच पैसे देऊन टाकावेसे वाटले. ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टचे डेब्यूही चांगले. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत, त्यांनी यांपैकी एक डोळे मिटून घ्यावा. आमच्या पहिल्या रकान्यात मात्र दोघांचीही फुली पडली, कारण मी पाहिलेली मॉडेलं ३३ आणि ४५ वर थांबत होती. रेगा खास ७८ साठी वेगळं मॉडेल काढते, पण मग दोन प्लेअर आले, आणि दोन प्लेअर ठेवायला आमच्या सेमी-डिटॅच्ड घरात जागा कुठली?

ज्यांना वाकून काही करायला नको, बटण दाबलं की सुई आपोआप उतरली पाहिजे आणि गाणं संपलं की उठली पाहिजे, अशांसाठी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६० आहे. स्वस्त आणि मस्त. इथे आई-वडील सहा महिने येऊन राहतात, त्यांच्या खोलीत ठेवायला याच्याइतकं सोयीचं यंत्र नाही. तोही ७८ ला चालत नाही.

उरला तो त्याच कंपनीचा एलपी-१२०. दिसायला डीजे लोकांच्या टेबलासारखा, अवजड, काळा, कडेला ठिपक्यांची रांग आणि उजवीकडे वर-खाली सरकणारी एक पट्टी. पंथातले लोक याच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. डायरेक्ट ड्राइव्ह आहे, डीजेंचा आहे, सूक्ष्म आवाज हरवतो वगैरे. पण तो तिन्ही स्पीडला चालतो, सुईचं मुंडकं स्क्रू सोडवून काढता येतं, आणि त्याच्याच पिकअपला ७८ साठीची वेगळी सुई मिळते. ती सरकपट्टी घातली ती डीजेंसाठी, दोन गाण्यांचे ठेके जुळवायला. मला मात्र ती बघताक्षणी कळलं, की हे यंत्र आपल्या जुन्या गाण्यांसाठीच आहे. ते का, ते सांगतो, पण त्याआधी न्यूजर्सीच्या चुलतभावाची गोष्ट सांगायला हवी.

काकांकडे स्विंडनच्या गॅरार्डचा एक जुना चेंजर होता. चुलतभाऊ तो हौसेने अमेरिकेला घेऊन गेला, ट्रान्सफॉर्मर लावला, आणि पहिलीच रेकॉर्ड लावल्यावर घाबरून मला फोन केला : बुवा एकदम पोरसवदा आवाजात गाताहेत! कारण साधं आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. भारतात आणि इंग्लंडात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. जुन्या प्लेअरची मोटर विजेच्या तालावर फिरते, म्हणजे तिथे ती वीस टक्के जास्त वेगाने फिरणार. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनच्याही थोडा वर जातो. आपण इंग्लंडवाले या बाबतीत सुदैवी. घरून आणलेला जुना प्लेअर इथे फक्त प्लग बदलून योग्य वेगाने चालतो. त्याची सुई आणि रबरं मात्र बदला.

तर वेग चुकला की सूर चुकतो. सहा टक्क्यांना एक स्वर, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी. पाश्चात्त्य गाण्यात एखादा टक्का कुणाला जाणवणार नाही. आपल्याकडे लोक तानपुरा जुळवून रेकॉर्डबरोबर रियाज करतात. आणि ७८ च्या बाबतीत खरी अडचण अशी, की '७८' हा आकडा पुष्कळदा नावापुरताच असे. जुन्या काळी कुणी ७६ ने मुद्रण केलं, कुणी ८० ने. तबकडीवर ते लिहिलेलं नसतं. म्हणून ती सरकपट्टी.

बाकीची खरेदी भराभर झाली. अॅम्प्लिफायर वोकिंगहॅमच्या एका निवृत्त गृहस्थांकडून जुना घेतला. त्याला बास-ट्रेबलची बटणं आहेत आणि मोनोचंही बटण आहे. शुद्धतेच्या नादात नव्या ब्रिटिश अॅम्प्लिफायरांतून ही बटणं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. ७८ ऐकताना मात्र मोनो दाबलं, की निम्मी खरखर गळते आणि ट्रेबल थोडा सरकवला की उरलेली सोसण्याजोगी होते. स्पीकर वॉर्फडेल डायमंडचे, सेलमधले. सगळं मिळून पाचशे पौंडांच्या थोडं आत. आमच्या घरात लाकडी फ्लोअर आहे, कन्या जिन्यावरून धावत उतरली की सुई उडी मारायची. त्यावर उपाय म्हणून प्लेअर भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवला. इथल्या घरात हे पहिल्या दिवशीच करावं.

आणखी एक सांगायलाच हवं. आपल्या पावसाळ्याने रेकॉर्डींवर पांढरी बुरशी येते. एलपी साफ करायच्या द्रावणात थोडं अल्कोहोल असतं, ते एलपीला चालतं. ७८ ला ते कधीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणजे साफ करता करता गाणंच पुसलं जाईल. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबलला पाणी न लावता. लगेच कोरडं करायचं. मी आधी सतरा तबकड्यांवर हात साफ करून घेतला आणि मगच अठरावीला हात लावला.

रविवारची दुपार होती. सुई बदलली, वजनाचा काटा दोनवरून पाचवर नेला. सौ. चहा घेऊन आली आणि काही न बोलता सोफ्यावर बसली. कन्याही फोन खाली ठेवून आली, याची नोंद करायला हवी. आधी बरीच खरखर. मग पेटी, मग तबला. आणि मग एक मुलगी गायला लागली. एकोणीस-वीस वर्षांची. मला आठवते ती नऊवारीतली, दात पडलेली, कपाटातून लिमलेटच्या गोळ्या काढून देणारी म्हातारी. हिचा आवाज कोवळा, पण तान स्पष्ट, न भिता घेतलेली. कन्या हळूच म्हणाली, "शी इज लाइक, माय एज." मग थांबून मराठीत म्हणाली, "हिने पुढे का नाही गायलं?" सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आजोबांना विचारू.

व्हिडिओ कॉलवर ऐकवायचा प्रयत्न केला, तर बाबांना पेटी ऐकूच जाईना. हे कॉलचे प्रोग्रॅम एकसारखा चालणारा सूर गोंगाट समजून गाळून टाकतात. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी लिहिलेलं शहाणपण! शेवटी प्लेअरच्या यूएसबीतून मुद्रण केलं आणि फाइल पाठवली. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. फोन नाही, मेसेज. "ऐकलं. आवाज तिचाच. पण पट्टी चढी आहे. इतकी घाई तिला नव्हती."

मी तानपुऱ्याचं अॅप लावून पाहिलं. बाबांचा कान! पेटीचा सा काळी चार आणि पांढरी सहा यांच्या बरोबर मध्ये लोंबकळत होता. पेटी अशी दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजत नाही, म्हणजे वेगातच फरक. तीन टक्के खाली केलं तर काळी चार, तीन टक्के वर केलं तर पांढरी सहा. जुन्या पेट्या सगळ्या एकाच मापाने जुळवलेल्या नसत, त्यामुळे ही शंभर टक्के खात्री नव्हे. दोन्ही फाइली पाठवल्या, कुठली कुठली ते न सांगता. बाबांनी खालची निवडली. वर म्हणाले, तिच्या पेटीवर काळी चारच्या पट्टीला तिने शेंदराचा ठिपका लावून ठेवला होता, देवघरात अंधार असायचा म्हणून. ती पेटी आमच्या कपाटावर आहे, हे मला माहीत होतं. ठिपक्याचं आजवर कुणी बोललं नव्हतं.

कन्येचा प्रश्न मी त्यांना विचारला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तिला कुणी नको म्हटलं नाही. कुणी गा, असंही म्हटलं नाही."

आता सरकपट्टीवर उणे तीनच्या जागी मी पेन्सिलने एक बारीक खूण केली आहे. कन्येने ती गाणं फोनवर घेऊन मैत्रिणींना ऐकवलं. गुलाबी सूटकेस तिने मागितलेली नाही, तिच्या रेकॉर्डीही आता याच यंत्रावर वाजतात, आणि त्या वाजत असताना मी खोलीबाहेर असावं असा नियम झाला आहे.

दुसऱ्या बाजूला कडेपासून आत बोटभर लांब चीर आहे, म्हणून ती अजून वाजवलेली नाही. बाबा मे महिन्यात येताहेत, त्यांच्यासमोरच वाजवायची असं ठरलं आहे. येताना पेटी आणू का, असं विचारत होते. पेटी पेटाऱ्यासकट किती किलो भरते, ते बघून सांगतो म्हटलंय. शीट उघडून ठेवली आहे.